साक्षीदाराचे पुस्तक वर्गात वाचावे

‘या देशाला एक हिटलरच हवा’ असे उद्गार काढणाऱ्यांची आपल्या सुशिक्षित वर्गात वाण नाही. हिटलरचे आत्मचरित्र रस्त्यावरच्या पुस्तकविक्रेत्याकडेही सहज मिळते. त्याच्या छावण्यांतून जिवंत परतलेल्यांचे लेखन मात्र शोधावे लागते. ही उणीव भरून काढण्याचे काम माध्यमिक शाळांनी हाती घेतले पाहिजे, आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा त्याच्या आरंभास सर्वथा योग्य आहे.

प्रिमो लेव्ही हा इटलीतील तुरीनचा ज्यू रसायनशास्त्रज्ञ. फेब्रुवारी १९४४ मध्ये मालगाडीत कोंबून आउशवित्झला नेलेल्या ६५० जणांत तो होता. त्यांपैकी ९६ पुरुष व २९ स्त्रिया तेवढ्या श्रमाला उपयुक्त ठरल्या; उरलेले सर्व, मुलाबाळांसह, दोन दिवसांत मारले गेले. लेव्हीच्या हातावर १७४५१७ हा क्रमांक गोंदण्यात आला. १९४७ साली त्याने ‘इफ धिस इज अ मॅन’ या नावाने इंग्रजीत परिचित असलेले आपले पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे १९७३ मध्ये त्याची शालेय आवृत्ती त्याने स्वतः टिपा लिहून सिद्ध केली, आणि १९७६ मध्ये विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे जोडली. कैदी पळाले का नाहीत? जर्मन जनतेला हे ठाऊक नव्हते काय? हेच प्रश्न आपलीही मुले विचारतील.

छावणीलगत आय. जी. फार्बेन या बलाढ्य रसायन कंपनीचा कृत्रिम रबराचा कारखाना उभारला जात होता. कैद्यामागे रोजचे तीन-चार मार्क कंपनी एस.एस. संघटनेला मोजी, कैद्याच्या हाती मजुरी पडत नसे. तो खंगला की त्याला मरणाच्या वाटेला लावून त्याच्या जागी दुसरा आणला जाई. श्रमिकाला केवळ खर्चाची बाब मानणाऱ्या व्यवस्थेला वंशद्वेषाची जोड मिळाली की ती कोठवर जाते, याचा हा पुरावा होय. अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांत ज्यांचे पालक पाळ्या करतात, त्या मुलांना तो परका वाटणार नाही. याद्या करणारे कारकून, वेळापत्रके आखणारे अधिकारी, यंत्रे बसविणारे अभियंते यांच्यावाचून हा संहार घडता ना, हेही त्यांनी समजून घ्यावे.

उल्हासनगर तर निर्वासितांनीच वसविले. फाळणीनंतर सिंधमधील कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत आली. १९४९ मध्ये त्या वस्तीला हे नाव मिळाले. फाळणी आणि ज्यूंचा संहार एक नव्हेत; परंतु धर्मापायी घर सुटणे म्हणजे काय, हे तेथील घराघरांस ठाऊक आहे. अशा जखमेचे द्वेषासाठी भांडवल करणारे नेहमीच टपलेले असतात. लेव्हीने मात्र जर्मनांचा सरसकट द्वेष नाकारला, आणि १९८२ मध्ये इस्रायलने लेबनॉनवर केलेल्या स्वारीचा जाहीर निषेधही केला. स्वतःच्या यातनांची आठवण इतरांच्या यातना पाहण्यासाठी असते, हे त्याच्या वर्तनातून दिसते.

सबब शिक्षकांनी नववी-दहावीच्या वर्गांत या पुस्तकातील निवडक प्रकरणे मराठी-हिंदीतून समजावून वाचावीत. कार्यकर्त्यांनी अभ्यासमंडळे भरवून त्यांना साहाय्य करावे. वाचनानंतर मुलांसमोर एकच प्रश्न ठेवावा: आपल्या वर्गात, वस्तीत जात वा धर्म पाहून कोणाला वेगळे काढले जाते, आणि तेव्हा आपण काय करतो? हिटलरची तारीफ करणाऱ्यांना उत्तर देण्याचे काम तेथूनच सुरू होईल.