नवा डास चावला नाही, तरी मलेरिया परत कसा येतो? गडचिरोलीसाठी हा प्रश्न महत्त्वाचा का आहे?

गडचिरोली तीन वर्षांत मलेरियामुक्त करायचं, असं राज्य सरकारने २०२५ मध्ये ठरवलं. त्यासाठी डॉ. अभय बंग यांच्या नेतृत्वाखाली टास्क फोर्स नेमला. अशा वेळी चर्चा होते ती मच्छरदाण्यांची आणि फवारणीची. पण मलेरियाचा एक प्रकार असा आहे, जो नवा डास न चावताही परततो.

गडचिरोलीत जास्त आढळतो तो फाल्सिपॅरम. तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो, जीव घेऊ शकतो. पण तो लपून बसत नाही. दुसरा व्हायवॅक्स. डास चावल्यावर त्याचे परजीवी आधी यकृतात जातात. काही तिथे वाढून रक्तात उतरतात आणि ताप येतो. उरलेले यकृताच्या पेशींमध्ये चक्क झोपून राहतात. त्यांना 'हिप्नोझोइट' म्हणतात. रक्ततपासणीत ते सापडत नाहीत, क्लोरोक्वीनने मरत नाहीत. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होतात आणि पुन्हा ताप.

एचआयव्हीही असाच रोगप्रतिकारक पेशींमध्ये दडून राहतो. फरक हा की, त्याला तिथून पूर्ण काढणारं औषध अजून नाही. व्हायवॅक्ससाठी आहे: प्रायमाक्वीन, १४ दिवस रोज.

खरी अडचण इथेच आहे. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. बाहेर रोवणी सुरू असते. बरं वाटणारा माणूस अकराव्या दिवशी गोळी का घेईल? त्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. मग उरलेल्या गोळ्यांची आठवण करून द्यायला गावातली आशाताईच. याला लोकांचा निष्काळजीपणा म्हणणं मला तरी पटत नाही.

शिवाय ही गोळी सरसकट देता येत नाही. गरोदर महिला आणि तान्ह्या बाळांना ती देत नाहीत. जी६पीडी या एंझाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात. गोळी सुरू असताना लघवी गडद, काळपट झाली तर ती थांबवून लगेच दवाखाना गाठायचा.

मच्छरदाण्या आणि वेळेवर उपचार मिळाले की फाल्सिपॅरम आधी कमी होतो, झोपलेला व्हायवॅक्स मागे उरतो, असा अनेक देशांचा अनुभव आहे. त्यामुळे गडचिरोलीचे नवे आकडे येतील तेव्हा रुग्ण किती घटले एवढंच पाहून चालणार नाही. व्हायवॅक्सच्या किती रुग्णांनी चौदावी गोळी घेतली, हेही विचारावं लागेल.