शोधनिबंध मागे, नमुने जागेवर

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘मॉलिक्युलर जेनेटिक्स अँड जिनोमिक मेडिसिन’ या वायली प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकाने चिनी संशोधकांचे १८ शोधनिबंध एकाच वेळी मागे घेतले. आकडे बनावट आढळले किंवा निष्कर्ष चुकले म्हणून ही कारवाई झाली नव्हती. ज्या माणसांचे डीएनए तपासून हे निबंध सिद्ध झाले, त्यांच्या संमतीची कागदपत्रे आणि प्रत्यक्षात केलेले संशोधन यांचा मेळ बसत नव्हता. याच प्रश्नाची तड लागत नाही म्हणून २०२१ मध्ये या नियतकालिकाच्या संपादक मंडळातील आठ सदस्यांनी राजीनामे दिले होते. त्यानंतरही निर्णयाला अडीच वर्षे लागली. विज्ञानविश्वात एखाद्या निबंधाची नाचक्की होणे नवीन नाही. परंतु नैतिकतेच्या कारणावरून इतके निबंध एका फटक्यात बाद होणे ही असाधारण घटना होती. तिचे मूळ गुन्हे अन्वेषणाला साह्य करणाऱ्या जनुकशास्त्राच्या गेल्या तीन दशकांच्या वाटचालीत आहे.

लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना १९८४ मध्ये डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याचे तंत्र गवसले. इंग्लंडमधील दोन शाळकरी मुलींच्या खुनांच्या तपासात या तंत्राने प्रथम एका निरपराध तरुणाची सुटका केली आणि नंतर १९८८ मध्ये खऱ्या गुन्हेगाराला शिक्षा झाली. भारतात हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंग यांनी स्वतंत्रपणे असेच तंत्र विकसित केले आणि दशक संपण्यापूर्वी ते न्यायालयात पोहोचले. मात्र दोन नमुने जुळले एवढे सांगून न्यायालयाचे समाधान होत नाही. हा जुळणारा ठसा योगायोगाने दुसऱ्या कोणाचा असण्याची शक्यता किती, हे सांगावे लागते. डीएनएच्या ठरावीक जागी एक लहान तुकडा किती वेळा पुन्हा येतो, हे मोजले जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय डीएनए साठ्यासाठी २०१७ पासून अशा २० जागा तपासल्या जातात. प्रत्येक जागेवरील विशिष्ट रूप लोकसंख्येत किती जणांत आढळते हे ठाऊक असेल तर त्या प्रमाणांचा गुणाकार करून अब्जांत एक अशी संभाव्यता काढता येते.

सारी मेख ‘लोकसंख्येत’ या शब्दात आहे. कोणत्या लोकसंख्येत? रिचर्ड लिवॉन्टिन आणि डॅनियल हार्टल यांनी डिसेंबर १९९१ मध्ये ‘सायन्स’मध्ये हाच प्रश्न उपस्थित केला आणि त्याच अंकात रणजित चक्रवर्ती आणि केनेथ किड यांनी त्यांना उत्तर दिले. आपसातच विवाह करणाऱ्या गटात एखादे रूप इतरांपेक्षा पुष्कळ अधिक आढळू शकते. अशा गटातील आरोपीला सर्वसाधारण लोकसंख्येचे आकडे लावले तर त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे त्यापेक्षा भक्कम भासतो आणि निरपराध माणूस अडकू शकतो. जातीतच लग्न होणाऱ्या भारतासारख्या देशात हा मुद्दा पुस्तकी नाही.

या गरजेतून ‘लोकसंख्या माहिती’ नावाचा शोधनिबंधांचा एक स्वतंत्र प्रकारच जन्माला आला. एक समाज निवडायचा, काहीशे नमुने घ्यायचे, बाजारात मिळणाऱ्या तयार संचाने ते तपासायचे, कोष्टक मांडायचे, की निबंध तयार. नव्या कल्पनेची गरज नाही, अपयशाची धास्ती नाही. ‘फोरेन्सिक सायन्स इंटरनॅशनल : जेनेटिक्स’ हे नियतकालिक २००७ मध्ये सुरू झाले आणि या शाखेचे अग्रगण्य व्यासपीठ बनले. पुढे अशा निबंधांचा इतका पूर आला, की ते स्वीकारण्याचे निकष संपादकांना पुन:पुन्हा कडक करावे लागले. २०१४ आणि २०१७ मध्ये सुधारित सूचना प्रसिद्ध झाल्या. मात्र या सूचनांचा भर प्रामुख्याने मोजमापाच्या शुद्धतेवर होता. नमुना कोणी, कोठे आणि कसा घेतला, या प्रश्नाला ‘संमती घेतली आहे’ हे एका ओळीचे ठराविक वाक्य पुरेसे मानले जाई.

त्या वाक्याची उलटतपासणी बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाचे प्राध्यापक इव्ह मोरो यांनी केली. चिनी समाजगटांवर २०११ ते २०१८ या काळात प्रसिद्ध झालेले ५२९ निबंध त्यांनी तपासले, तेव्हा सुमारे निम्म्या निबंधांच्या लेखकांत पोलीस, लष्कर किंवा न्यायखात्याशी संबंधित व्यक्ती आढळल्या. लोकसंख्येच्या मानाने उइगुर आणि तिबेटी यांच्यावरील निबंध हान बहुसंख्याकांवरील निबंधांच्या कितीतरी पट अधिक होते. शिनजियांग प्रांतात १२ ते ६५ वयोगटातील रहिवाशांचे जैविक नमुने गोळा केले जात असल्याचे ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २०१७ च्या अखेरीस उघड केले होते. दारी आलेल्या पोलिसाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नसेल, तर तेथे संमती या शब्दाला अर्थ तो काय उरतो?

पाश्चात्त्य संस्था यातून नामानिराळ्या राहू शकत नाहीत. येल विद्यापीठातील किड यांच्याकडील नमुन्यांचा उपयोग चिनी सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाच्या संशोधकांना झाल्याचे वृत्त २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिले. हे तेच किड, ज्यांनी १९९१ च्या वादात या तंत्राची बाजू लढवली होती. चिनी सहकारी संमतीचे संकेत पाळत असावेत, अशी आपली समजूत होती, असे त्यांचे म्हणणे. तपासणी संच विकणाऱ्या ‘थर्मो फिशर’ कंपनीने त्याच वर्षी शिनजियांगमधील विक्री थांबवण्याची घोषणा केली. ‘ह्यूमन जेनेटिक्स’मधील सुमारे ३८ हजार चिनी पुरुषांच्या वाय गुणसूत्रांवरचा २०१७ चा निबंध २०२१ मध्ये मागे घेण्यात आला, त्याच्या लेखकांत युरोपीय नावेही होती.

चीनकडे बोट दाखवून युरोपला मोकळे होता येत नाही, हेही लवकरच दिसले. व्हेरोनिका लिपहार्ट आणि सहकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये रोमा लोकांवरील तीन दशकांच्या जनुकीय संशोधनाचा आढावा घेतला. बल्गेरियाच्या लोकसंख्येत रोमांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास. परंतु वाय गुणसूत्रांच्या बर्लिनस्थित आंतरराष्ट्रीय साठ्यातील त्या देशाच्या नोंदींत निम्म्याहून अधिक रोमांच्याच होत्या. या समाजाचे पूर्वज भारतातून गेले, हे हैदराबादच्याच केंद्रातील संशोधकांनी २०१२ मध्ये वाय गुणसूत्राच्या आधारे दाखवले होते. भटके, म्हणून संशयित, आणि संशयित म्हणून नमुन्यांसाठी हाताशी असलेले! महाराष्ट्राला हे समीकरण परके वाटू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे ओझे पारध्यांसह अनेक जमातींनी वाहिले, सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती आणि कायदा १९५२ मध्ये रद्द झाल्यावरही पोलिसी संशयाची नजर पुसली गेली नाही.

म्हणूनच भारतातील घडामोडी बारकाईने पाहायला हव्यात. जाती-जमातींच्या नावांनिशी असे कोष्टकी निबंध भारतीय प्रयोगशाळांनीही प्रसिद्ध केले आहेत. डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात धर्म, जात वा राजकीय मतांच्या आधारे या माहितीचा गैरवापर होण्याच्या भीतीची दखल घेतली आणि ती निराधार नसल्याचे नमूद केले. जुलै २०२३ मध्ये विधेयकच मागे घेण्यात आले. त्यातील बऱ्याच तरतुदी २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात आल्याचे कारण सरकारने दिले. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. विधेयकात निदान प्रयोगशाळांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाची तरतूद होती. २०२२ चा कायदा मुख्यत्वे गोळा करण्याचा आणि जपण्याचा अधिकार देतो. महिला व बालकांविरुद्धचे गुन्हे किंवा सात वर्षे व त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे यांत अटक झालेल्यांना जैविक नमुने नाकारता येत नाहीत आणि नोंदी ७५ वर्षे ठेवता येतात. त्यातच सात वर्षे व त्यावरील शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची नव्या नागरिक सुरक्षा संहितेतील तरतूद राज्यांनी पाच वर्षांच्या आत अमलात आणायची आहे. साहजिकच प्रयोगशाळांकडे येणारा नमुन्यांचा ओघ वाढणार.

या नमुन्यांतून जमातवार कोष्टके काढून ती प्रसिद्ध करायची झाल्यास परवानगी कोणाची लागेल, याविषयी २०२२ च्या कायद्यात शब्द नाही. वैद्यकीय संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत, पण गुन्ह्याच्या तपासासाठी नमुना घेताना पोलीस संमतीपत्र घेत नाहीत, आणि कायद्याने त्यांना ते घ्यावेही लागत नाही. २०२० नंतर अग्रगण्य नियतकालिकांनी नैतिकतेच्या अटी कडक केल्या हे खरे. त्यामुळे संशयास्पद निबंध अडेल, फार तर प्रसिद्ध झालेला मागे घेतला जाईल. मागे घेतलेल्या १८ निबंधांसाठी ज्यांचे रक्त घेतले गेले, त्यांचे डीएनए ठसे मात्र ज्या यंत्रणांनी ते घेतले त्यांच्यापाशीच आहेत, आणि तिथे कोणत्याही संपादक मंडळाचा हात पोहोचत नाही.