ब्रेक ऑइलची परीक्षा

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास सहकुटुंब उतरणाऱ्या वाचकांस आमचे एक आग्रहाचे सांगणे आहे. ब्रेक ऑइलची डबी भरलेली दिसते, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. हे द्रव हवेतील ओलावा हळूहळू शोषीत असते. कोऱ्या ‘डॉट ४’चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरले की तो १५५ अंशांपर्यंतही उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबल्याने द्रव उकळते, त्याची वाफ होते. मग पेडल तळाला टेकते, पण गाडी थांबत नाही. यास्तव साधारणतः दर दोन वर्षांनी ते बदलावे. डबीच्या झाकणावर नमूद केलेल्या जातीचेच, सीलबंद डब्यातील घ्यावे; त्यात सिलिकोनचे ‘डॉट ५’ कदापि मिसळू नये. मागील बदल केव्हा झाला हे स्मरत नसेल, तर घाटापूर्वी मेस्त्रीकडे जावे. मागच्या आसनावरील लेकरे आपल्याच भरवशावर निजलेली असतात.