घरबसल्या

मराठी भाषेतला सर्वांत खोटा शब्द कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी 'उद्या नक्की' किंवा 'पाचच मिनिटांत' ही उत्तरे देणार नाही. हे शब्द लबाड आहेत खरे, पण त्यांची लबाडी बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला सारखीच ठाऊक असते. फसवतो तो एकच शब्द: 'घरबसल्या'.

आमच्या लहानपणी घरबसल्या मेणबत्त्या करायच्या असत. पुढे घरबसल्या पापड आले, लोणची आली, पाकिटे चिकटवणे आले. या सगळ्यांत घरात बसलेले कोणी मला कधी दिसले नाही. पापडवाल्या बाईंची कंबर मोडलेली असे आणि मेणबत्तीवाल्यांचे हात भाजलेले असत. बसलेला असे तो फक्त जाहिरात देणारा. हे सगळे ठाऊक असूनही 2021 साली इगतपुरीत, माझ्या राहत्या घरात, मी घरबसल्या खाण उघडली. म्हणून या शब्दावर दात धरण्याचा मला पूर्ण अधिकार आहे.

ठाण्याच्या मेहुण्यांचा फोन आला. "भावोजी, मशीन एकदा लावून टाकायचं. तुम्ही झोपलेले असता ना, तेव्हाही ते कमावत असतं."

झोपेत कमावणारा एकच माणूस मला आयुष्यात ठाऊक होता. त्याचे नाव मी निवृत्त होईपर्यंत घेतले नाही आणि आताही घेत नाही. पण वेळ अशी होती, की मी ऐकून घेतले. चिरंजीवांची पुण्यातली नोकरी 2020 च्या टाळेबंदीत गेली होती. पोरगा वर्षभर घरात होता. "काही कळलं का रे?" हा प्रश्न विचारण्याचे दिवस मी आणि सौ.ने वाटून घेतले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. अशा घरात 'मशीन' या शब्दाला एकदम औषधासारखा वास येतो. फंडातले साडेतीन लाख रुपये मी काढले.

आता ही खाण कसली, ते सांगतो. मलाही ते समजायला आठ दिवस लागले. बिटकॉइन नावाचे नाणे 2009 साली निघाले. काढणाऱ्याने सातोशी नाकामोतो असे नाव लावले होते. त्या नावामागचा माणूस उजेडात आलेला नाही. या नाण्याला सरकार नाही, टांकसाळ नाही. देण्याघेण्याची एक वही असते आणि ती जगभरच्या हजारो यंत्रांत एकाच वेळी लिहिली जाते. वहीचे पुढचे पान कोणी लिहायचे हे ठरवण्यासाठी सगळी यंत्रे एक आकडा शोधत बसतात. तो आकडा सूत्राने निघत नाही, एकामागून एक आकडे ठोकून पाहावे लागतात. ज्याला आधी सापडेल त्याने पान लिहायचे आणि बक्षीस म्हणून नवी नाणी घ्यायची. बाकीच्यांनी पुन्हा पहिल्यापासून ठोकायचे. आमच्या घाटाखाली गाडी चुकलेला उतारूसुद्धा इतक्या वेळा हताश होत नाही.

बिटकॉइनच्या खाणीला पुढे खास यंत्रे निघाली आणि घरगुती माणूस तिथून हटला. त्याने 2015 साली निघालेल्या इथेरियमचा आसरा घेतला, कारण तिथे ग्राफिक्स कार्ड चाले. ग्राफिक्स कार्ड ही मुळात व्हिडिओ गेममधली गवताची पाती हलवण्यासाठी केलेली वस्तू. ती लहान लहान हिशेब हजारोंनी एकदम करते. मेहुण्यांनी मला एक गोष्टही सांगितली. 2010 च्या मे महिन्यात लॅस्लो नावाच्या गृहस्थाने दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा मागवले. "ठेवली असती तर, भावोजी!" मला मात्र लॅस्लोचे कौतुक वाटले. ग्राफिक्स कार्डावर खाण चालवण्याची वाट दाखवणाऱ्या पहिल्या मंडळींत तो होता, आणि खाणीतून निघालेली वस्तू गरम असतानाच खाऊन मोकळा झालेलाही तोच.

सहा कार्डे आली. घोटीहून लोखंडी पट्ट्यांचा एक सांगाडा आणला आणि त्यावर ती ओळीने बसवली. मुख्य पाटीवर सहा कार्डांना जागा नसते, म्हणून प्रत्येकाला 'रायझर' नावाची छोटी पट्टी आणि लांब वायर. कळ दाबली. सहा कार्डांचे पंखे असे काही गरजले, की आमच्या गावाची मला लाज वाटली. आमच्याकडे धम्मगिरी आहे. 1976 सालापासून देशोदेशीचे लोक तिथे दहा दिवस तोंड मिटून बसायला येतात. आणि त्याच गावात माझ्या मागच्या खोलीत चोवीस तास घाटात चढणारी मालगाडी!

आणि संगणकाच्या पडद्यावर दिसत होती फक्त चार कार्डे.

इथून आमच्या घरबसल्या उद्योगातला बसण्याचा भाग संपला. चिरंजीवांनी त्या रात्री ड्रायव्हर काढून परत टाकला, विंडोज नवे टाकले, तीन कार्डांच्या जागा बदलल्या, वायरी उलटसुलट केल्या आणि पहाटे पाहतात तर कार्डे तीन. पोराने दोन्ही हातांनी डोके धरले. मी चहा घेऊन गेलो होतो. तो म्हणाला, "बाबा, तुमचे पैसे बुडवले मी."

वर्षभर सोमवार-बुधवार-शुक्रवार प्रश्न विचारून जे कळले नव्हते, ते मला त्या एका वाक्यात कळले.

मी संगणकातला नव्हे. माझी नोकरी गाड्या तपासण्यात गेली. आमचा घाट सदतीस फुटांना एक फूट चढतो. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागायची, ती गाडी ढकलत इगतपुरीपर्यंत आणून सोडायची. असल्या चढावर ब्रेकची हवा गळत असलेली गाडी पाठवून चालत नाही. गळती कुठे आहे हे शोधायला अठराही डब्यांखाली हातोडा घेऊन धावायचे नसते. मधला कॉक बंद करायचा. पुढचे नऊ डबे हवा धरतात का? धरतात. मग दोष मागच्या नवांत. त्यांचे पुन्हा दोन भाग. चार-पाच वेळा कॉक फिरवला की डबा सापडतो. मात्र एक नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदलले ते लिहून ठेवायचे.

"वही आण," मी म्हणालो.

कार्डांना चिठ्ठ्या लावल्या: अ, आ, इ, ई, उ, ऊ. रायझरांना एक ते सहा. आधी पाटीच्या आतली एक मांडणी चिरंजीवांनी शोधून बदलली. संगणक प्रत्येक कार्डाला मेमरीतला पत्ता देतो, आणि चार जीबीच्या वरचे पत्ते वापरायची परवानगी नसेल तर मागाहून आलेल्या कार्डांना पत्ताच मिळत नाही. पोस्टमनला गल्लीतली पहिली चार घरेच ठाऊक असावीत, तसे. परवानगी दिली, पाच दिसली. मग पहिल्या रायझरवर एकेक कार्ड लावून पाहिले. सहाही दिसली. म्हणजे कार्डे निर्दोष. चिरंजीव रात्रभर त्यांनाच फाशी देत होते. मग कार्ड 'अ' घेऊन एकेक रायझर तपासला. पाचवा मुका.

त्याची वायर काढली, तर विजेचा चपटा जोड तपकिरी होऊन वितळला होता. कार्ड आपल्या खाचेतून 75 वॉटपर्यंत वीज ओढू शकते आणि त्या चपट्या जोडाची ताकद 54 वॉट. त्यातून आम्ही एकाच वायरीवर दोन रायझर लावले होते. घाटात एका बँकरवर दोन गाड्या! खाली गादी होती, पडदा होता. मी पोराला काही बोललो नाही, सौ.लाही हा तपशील आज हे छापून आल्यावरच कळेल. सगळ्या रायझरना सहा पिनांचे जोड लावले, प्रत्येकाला स्वतंत्र वायर दिली. सहा कार्डे दिसली!

पण पाचच काम करीत. कचेरीत माणसे दोन प्रकारची असतात: दिसत नाहीत ती, आणि दिसतात पण काम करीत नाहीत ती. 'ऊ' दुसऱ्या प्रकारातले होते. ते जुने, चार जीबीचे, एका विक्रेत्याने 'खास तुमच्यासाठी' स्वस्तात दिलेले. इथेरियमच्या कामाला एक फाइल कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागे, आणि ती दिवसेंदिवस फुगत असे. 2020 च्या डिसेंबरात ती चार जीबीच्या पलीकडे गेली. आम्ही कार्ड घेतले त्याच्या चार महिन्यांनंतर. ऊ नावाप्रमाणेच निघाली: रक्त पिणारी.

खाण चालू झाली. पहिले काही महिने बिल भागून पैसे उरले, हे मी नाकारत नाही. बिल मात्र पाहण्यासारखे होते. यंत्र साधारण साडेसातशे वॉट खाई. दिवसाला 18 युनिट, महिन्याला 540. आमचे नऊशेचे बिल साडेसात हजारांवर गेले. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात आषाढ लागला आणि सौ.ने खोलीत दोरी बांधली. इगतपुरीत आषाढात वाळलेली चादर ही काय चीज आहे, ते इगतपुरीकरालाच कळेल. त्या यंत्रातून निघालेले, डोळ्यांनी दिसणारे आणि हाताला लागणारे उत्पादन एवढेच.

आणि बसायचे कोणी? पोरगा रात्री दोनदा उठून कार्डांचे तापमान बघे. वीज गेली की मी उठे. 'तुम्ही झोपलेले असता तेव्हा ते कमावतं' या वाक्यातला झोपलेला माणूस ठाण्यात होता.

2022 साल उजाडले. 1 एप्रिलपासून अशा नाण्यांच्या नफ्यावर 30 टक्के कर लागला. तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजा करायचा नाही, आणि खाणीच्या यंत्रांचा खर्च नाण्याच्या किमतीत धरायचा नाही, असे सरकारने त्याआधी मार्चमध्ये संसदेत स्पष्ट केले होते. मग 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमने आकडे ठोकण्याची पद्धतच बंद केली. आता पान लिहिण्याचा मान ज्यांनी आपली नाणी अनामत ठेवली आहेत त्यांना मिळतो. जगभरच्या घरगुती खाणी एका दिवसात थंडावल्या. हे होणार असल्याचे कित्येक वर्षे सांगितले जात होते. मेहुण्यांनी तेवढे सांगितले नव्हते.

माझे भांडण इथे आहे. त्या दिवशी इथेरियमची विजेची भूक 99 टक्क्यांहून अधिक कमी झाली, आणि वही मात्र न अडखळता पुढे चालू राहिली. मग आम्ही दीड वर्ष जाळली ती वीज कशासाठी होती? वही सुरक्षित राहावी म्हणून, असे जाणकार म्हणतात. असेल. पण मग त्याला रखवाली म्हणा, पहारा म्हणा. 'खाण' कशाला म्हणता? खाणीतून कोळसा निघतो, आणि त्या कोळशावर आमचे यंत्र चालत होते. 'पहारेकरी पाहिजेत, वीज स्वतःची' अशी जाहिरात दिली असती, तर मी फंडाला हात लावला नसता.

याहून सोपे 'घरबसल्या'ही निघाले होते. यंत्र नको, उकाडा नको, आमच्या खाणीत पैसे टाका आणि दरमहा 10 टक्के घ्या, तेही 18 महिने! त्या गेनबिटकॉइनच्या प्रकरणात 2018 साली पुण्यात पोलिसांना धावाधाव करावी लागली. आमच्याकडे निदान वितळलेला जोड तरी खरा होता.

पण माझे दुसरे भांडण पहिल्याहून मोठे आहे, आणि ते आमच्या गल्लीशी आहे. खाण बंद पडल्याची बातमी लागताच कट्ट्यावरची मंडळी हळहळायला आली. "पोरानं बापाचे पैसे घालवले." बिले वजा जाता, नाणी आणि कार्डे विकून दोन लाख दहा हजार परत आले, म्हणजे एक लाख चाळीस हजार गेले. ते पोराने घालवले नाहीत. काढले मी, 'हो' म्हणालो मी, आणि झोपेत पैसे मिळावेत अशी इच्छाही माझीच होती. पोराला झोपेत काही नको होते. त्याला जागे राहायला काम हवे होते. पोरांना आळशी म्हणणारे आपण वडीलधारेच 'घरबसल्या' शब्दाला आधी भुलतो. फंड आपल्याकडे असतो ना!

चिरंजीव आता घोटीत दुकानाच्या एका कोपऱ्यात संगणक दुरुस्त करतात. सकाळी नऊला बाहेर पडतात, रात्री दमून येतात. टेबलावर ती वही असते: काय बदलले, काय झाले. गिऱ्हाईक घाई करू लागले की म्हणतात, "एका वेळी एकच, काका." सांगाडा गॅलरीत आहे. त्यावर कपडे वाळत घालतो. वाळत मात्र नाहीत.

परवा मेहुण्यांचा फोन आला होता. "भावोजी, एक नवीन आलंय. अगदी घरबस..."

मी सांगितले, घरी कोणी नाही.