एकट्यानें खेळूं नये काय?

ज्याला सोबती नाहींत त्यानें या वाटेस जाऊंच नये, असा एक सल्ला सध्यां आपल्या सुशिक्षित तरुण मंडळींत मोठ्या आत्मविश्वासानें दिला जातो. वाट कोणती म्हणाल, तर व्हिडिओ गेमची. ज्या खेळमालिकांत चौघांनीं मिळून खेळण्याची सोय आहे त्या एकट्यानें आरंभूं नयेत. त्यांत एकट्याला रस नाहीं, त्या एकट्याला झेपत नाहींत आणि पैसा मात्र फुकट जातो, असें या सल्ल्याचें त्रिविध तात्पर्य आहे. सल्ला देणारे बहुधा सज्जन असतात, त्यांचा अनुभवही खरा असतो. आणि म्हणूनच त्यांचें म्हणणें तपासून न पाहतां मान्य केलें जातें. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे, व तें आम्ही येथें कोणाची भीड न धरतां मांडणार आहों.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत हा पोरखेळ कशाला, असें कांहीं वाचकांना वाटेल. त्यांना आमचें इतकेंच सांगणें कीं, ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें त्याच घरांत मधल्या खोलींत रात्रीं दहा वाजतां कोणीतरी हे खेळ खेळत बसलेलें असतें. आणि खेळाच्या निमित्तानें जो प्रश्न उभा राहतो तो पोराटकीचा नाहीं. मनुष्यानें आपला आनंद दुसऱ्याच्या सवडीवर कितपत गहाण ठेवावा, हा तो प्रश्न आहे.

वाद हवेंत राहूं नये म्हणून एक नामांकित उदाहरण घेऊं. २००४ सालीं जपानांतील ओसाका येथील कॅपकॉम कंपनीनें ‘मॉन्स्टर हंटर’ नांवाचा खेळ प्रथम बाजारांत आणला. यांत खेळणारा हा शिकारी असतो. एखाद्या अजस्र श्वापदाच्या मागावर तो रानांत जातो, त्याच्याशीं झुंजतो, आणि हातीं आलेल्या हाडांतून व खवल्यांतून नवें शस्त्र, नवें चिलखत घडवून पुढच्या, अधिक दांडग्या श्वापदाकडे वळतो. इतर कित्येक खेळांत तासन्‌तास खर्ची घातले म्हणजे पात्राचें बळ आपोआप वाढत जातें. येथें तसें नाहीं. चिलखत सुधारतें आणि चिलखतांतला माणूस शहाणा होतो, या दोनच मार्गांनीं शिकारी वाढतो. बहुतेक मोहिमांना पन्नास मिनिटांची मुदत असते, आणि शिकारी तीनदां बेशुद्ध पडला कीं मोहीम फसली असें सामान्यतः समजलें जातें. शिकारीला एकट्यानें जातां येतें किंवा चौघांनीं मिळून जातां येतें. आणि वादाचें मूळ येथेंच आहे.

प्रतिपक्षाची बाजू आधीं प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. ही मालिका जपानांत घरोघरीं पोहोंचली ती बव्हंशीं संगतीच्या जोरावर. प्लेस्टेशन पोर्टेबल हें हातांत मावणारें यंत्र घेऊन तरुण पोरें उपाहारगृहांत एकमेकांस खेटून बसत, आणि बिनतारी जोडणीनें चौघे मिळून एकाच श्वापदाच्या मागें लागत. २००८ व २०१० सालच्या आवृत्त्यांनीं तेथें या खेळाचें अक्षरशः वेड लावलें. तेव्हां मित्रपक्ष म्हणतो कीं, ज्या झाडाचें मूळ संगतींत आहे तें एकांताच्या कुंडींत लावूं पाहणें व्यर्थ होय. दृष्टांत ठाकठीक आहे. पण दृष्टांत ठाकठीक असला म्हणजे सिद्धांत खरा ठरतोच असें नाहीं.

वस्तुस्थिति काय आहे ती पाहावी. अगदीं २००४ सालच्या पहिल्या खेळांतही दोन ठिकाणें होतीं. एक कोकोतो नांवाचें खेडें. तेथील कामें एकट्यानें करावयाचीं. दुसरें मिनेगार्ड नांवाचें शहर. तेथें दूरदूरचे शिकारी जाळ्यावरून एकत्र येत. म्हणजे खेडें आणि शहर, एकांत आणि मेळावा, दोन्ही एकाच मुहूर्तावर जन्मास आलीं. पुढें २००८ सालच्या आवृत्तींत एकट्या शिकाऱ्याबरोबर लढावयास एक बोका देण्यांत आला; तो चुकारपणाही करी आणि प्रसंगीं जीवही वांचवी. २०१८ सालच्या ‘मॉन्स्टर हंटर वर्ल्ड’ या खेळानें तर शिकारी किती आहेत हें पाहून श्वापदाच्या प्राणशक्तीचें माप ठरविलें. एकट्याच्या वांट्यास चौघांचें श्वापद येईनासें झालें. २०२५ सालच्या ‘वाइल्ड्स’मध्यें एकट्यानें मदतीची हांक दिली तर यंत्रानेंच चालविलेले शिकारी धांवून येतात. ज्या कंपनीनें वीस वर्षें एकट्या माणसाची इतकी तजवीज केली, तिचा खेळ एकट्यासाठीं नाहींच हें तिला सोडून इतर सर्वांना कळलें, असें समजावयाचें कीं काय? आणि ‘वर्ल्ड’च्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या, तो घेणाऱ्या प्रत्येकाच्या पदरीं तीन रिकामटेकडे मित्र होते, असें मानण्यास आमचें मन तरी धजत नाहीं.

दुसरा आक्षेप, एकट्याला झेपत नाहीं हा. याचें उत्तर थोड्या विस्तारानें दिलें पाहिजे, कारण आमच्या मतें नवशिक्यानें एकट्यानेंच आरंभ कां करावा याचें कारणही त्यांतच आहे. चौघे एका श्वापदावर तुटून पडले म्हणजे तें कधीं एकाकडे वळतें, कधीं दुसऱ्याकडे. नवशिका मागें उभा राहून शस्त्र परजीत असतो, आणि श्वापद कां वळलें, कधीं धापा टाकूं लागलें, लंगडत कोठें निघालें, यांतलें कांहींच त्याच्या ध्यानांत येत नाहीं. एकट्यापुढें मात्र तें श्वापद म्हणजे उघडें पुस्तक असतें. त्याची झेप, झेपेपूर्वीं मान मागें घेण्याची लकब, झेपेनंतरचा क्षणभराचा विसावा, हें सारें एकट्या शिकाऱ्याला वाचावेंच लागतें. न वाचील तर मार खावा लागतो. पहिल्या दिवशीं तो हरतो, दुसऱ्या दिवशींही हरतो; तिसऱ्या दिवशीं ती झेप येण्याआधींच त्याचा पाय बाजूला पडतो. हा क्षण कोणत्याही मित्राला दान देतां येत नाहीं.

उलट मुरलेल्या मित्रांच्या संगतींत नवशिक्याचें काय होतें तें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. मित्र मोठ्या प्रेमानें त्याला ओढीत नेतात. ज्या श्वापदासाठीं त्यानें चार रात्री घालवावयाच्या तें चार मिनिटांत पडतें. लूट वांटली जाते. पुढचें श्वापद पडतें. आठवड्याभरांत हा गृहस्थ खेळाच्या शेवटाशीं पोहोंचतो, आणि मग सांगत सुटतो कीं खेळांत फारसें कांहीं नाहीं. पालखींतून गड चढणाऱ्याला गड सपाट वाटावा, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय संकोच असतो तो वेगळाच. चौघांच्या मोहिमेंत ते तीन बेशुद्धपणे चौघांत मिळून मोजले जातात; एकटा नवशिकाच तीनदां कोसळला तर चौघांचा डाव बुडतो. मित्र हंसून सोडून देतात, पण कोसळणाऱ्याला हंसूं येत नाहीं. तो मग भीतभीत खेळतो, आणि भीतभीत खेळणारा कांहींच शिकत नाहीं. एकट्याचें अपयश हें त्याचें एकट्याचें असतें, आणि म्हणूनच त्याला तें परवडतें. मैफलींत बसण्याआधीं गवयी बंद खोलींत सूर लावतो, त्याला कोणी माणूसघाणा म्हणत नाहीं.

आतां थोडें आमच्याविषयीं. २०१८ सालीं आम्हीं स्वतः हा प्रतिष्ठित सल्ला शिरसावंद्य मानला होता. आम्ही चौघे जुने सोबती. ‘वर्ल्ड’ निघाला तेव्हां एकत्रच आरंभ करावयाचा असा आमचा करार झाला. पुढें एकाची बदली बेंगळुरूस झाली. दुसऱ्याच्या घरीं पाळणा हालला. तिसरा परदेशी कंपनीच्या वेळेप्रमाणें रात्रपाळी करूं लागला. आम्ही दर दिवाळींत करार ताजा करीत होतों आणि खेळ यंत्रांत तसाच पडून होता. तीन वर्षांनीं एका रात्रीं आम्हांला असें दिसून आलें कीं, आम्ही मित्रांची वाट पाहत नसून त्यांच्यावर मनांतल्या मनांत रुष्ट होऊं लागलों आहों. त्यांचा दोष कांहींच नव्हता. संसार लागलेल्या माणसांना जें होतें तेंच त्यांना झालें होतें. त्या रात्रीं आम्हीं एकट्यानें आरंभ केला. पहिलेंच मोठें श्वापद आडवें करावयास तीन रात्री लागल्या, हें कबूल करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. पुढें रात्रपाळीवाल्या मित्रास एकदां सुटी मिळाली आणि तो येऊन मिळाला, तेव्हां त्याला दाखविण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं होतें. तोंपर्यंत त्याच्यापुढें मांडण्यास आमच्याजवळ केवळ गाऱ्हाणें होतें.

या मालिकेच्या इतिहासांत आणखी एक धडा आहे, तो संगतीच्या कैवाऱ्यांनीं अवश्य घ्यावा. ‘वी’ या यंत्रासाठीं निघालेल्या ‘मॉन्स्टर हंटर ट्राय’मध्यें मोगा हें खेडें एकट्याचें होतें, आणि लॉक लाक हें नगर जाळ्यावरच्या मेळाव्याचें. २०१३ सालीं पाश्चात्त्य देशांत त्या नगराची सेवा बंद करण्यांत आली. नगर ओस पडलें असें म्हणणेंही बरोबर नाहीं, कारण ओस पडलेलें नगर निदान पाहावयास तरी जातां येतें. हें नगर नाहींसेंच झालें. मोगा खेडें मात्र ज्याच्या घरीं तें यंत्र चालतें त्याच्यासाठीं आजही जागेवर आहे. ‘फ्रंटियर’ ही जाळ्यावरच उभी असलेली शाखा २०१९ च्या डिसेंबरांत मिटली. २०२४ च्या एप्रिलांत निन्टेन्डोनें आपल्या ‘थ्रीडीएस’ व ‘वी यू’ या यंत्रांची जाळ्यावरील सेवा थांबविली, आणि त्यांवरील दूरच्या शिकाऱ्यांच्या भेटीही संपल्या. शिवाय प्लेस्टेशन किंवा स्विच यांवर दूरच्या माणसाशीं खेळावयाचें तर बहुधा वर्गणी मोजावी लागते. एकट्याला ती पडत नाहीं. मैत्री अमर असेल. पण मैत्रीचा हा रस्ता कंपनीच्या मालकीचा आहे आणि त्याला फाटक आहे, हें विसरतां कामा नये.

तिसरा आक्षेप घरांतील वडीलधाऱ्यांचा: एकट्यानें खेळत बसणारें मूल माणसांतून उठतें. या काळजीची थट्टा करण्याचें आमच्या मनांत नाहीं. जो जेवणाला येत नाहीं, झोंप टाळतो, हांकेला ओ देत नाहीं, त्याच्याविषयीं काळजी वाटलीच पाहिजे. मग तो एकट्यानें खेळो वा चाळीस जणांत. परंतु कादंबरी घेऊन कोपऱ्यांत बसलेल्या मुलीला आपण एकलकोंडी म्हणत नाहीं, उलट कौतुक करतों. मग हाच न्याय येथें कां नसावा? आणि व्यवहार पाहूं गेल्यास गोष्ट उलटीच आहे. २०२१ सालच्या ‘राइज’मध्यें एकट्यानें खेळतांना खेळ हवा तेव्हां थांबवितां येतो, गॅसवर दूध उतूं जात असेल तर शिकारी उठून जाऊं शकतो आणि श्वापद बिचारें वाट पाहतें. चौघांच्या डावांत ती मुभा नाहीं. तेथें इतर तिघांचा खोळंबा होतो, आणि आईच्या हांकेला ‘पांच मिनिटें’ हें उत्तर येतें. घरच्यांना कोणतें परवडेल तें त्यांनींच ठरवावें.

याचा अर्थ संगत वाईट, असें आम्ही म्हणतों काय? मुळींच नाहीं. हुतुतू एकट्यानें होत नाहीं. २०२१ सालचा ‘इट टेक्स टू’ हा खेळ तर दोघांवांचून सुरूच होत नाहीं. घटस्फोटाच्या उंबरठ्यावरील एका जोडप्याची ती कथा, आणि दोन माणसांनीं एकमेकांच्या हातास हात लावल्याशिवाय तींत पाऊल पुढें पडत नाहीं. असा खेळ एकट्यानें घेणें म्हणजे पैसा पाण्यांत. मॉन्स्टर हंटरच्याही जुन्या आवृत्त्यांत मेळाव्याचीं कामें चौघांच्या हिशेबानें बेतलेलीं असत, आणि एकट्याला तीं करतांना श्वापदापेक्षां घड्याळाशींच झुंजावें लागे. नवशिक्यानें तेथून आरंभ करूं नये, इतका प्रतिपक्षाचा मुद्दा आम्ही आनंदानें मान्य करतों. त्याचप्रमाणें एकट्यानें खेळला तोच खरा शिकारी, मदत घेणारे सारे भुरटे, असें म्हणणारा जो दुसरा एक सोंवळा पंथ निघाला आहे, त्याच्याशींही आमचें कांहीं सूत नाहीं. एकांत ही शाळा आहे. ज्याला तिचें देऊळ करावयाचें असेल त्यानें तें खुशाल करावें, आम्ही दर्शनास येणार नाहीं.

तेव्हां ज्याच्या मनांत ही मालिका सुरू करावयाची आहे आणि सोबत नाहीं म्हणून ज्याचा पाय अडला आहे, त्यास आमचें स्पष्ट सांगणें असें. हा खेळ दुसऱ्या माणसावांचून चालतो काय, एवढेंच आधीं विचारावें. चालत असेल तर आरंभ करावा. २००४ पासूनचा प्रत्येक भाग पाठ करण्याची गरज नाहीं. मुख्य आवृत्त्यांतून बहुधा निराळी कथा आहे, तेव्हां ‘वर्ल्ड’ किंवा ‘राइज’ यांपैकीं आपल्या यंत्रावर चालेल तो घ्यावा. मदतीची हांक देण्याची सोय खेळांतच आहे. अगदीं अडल्यास ती वापरावी, लाजूं नये. आणि मित्रांना निरोप धाडून ठेवावा कीं, आम्ही पुढें निघालों आहों. वाट ओळखीची करून ठेवतों. सवड होईल तेव्हां या.