तुंग, उत्तुंग आणि बुलंद

कन्नड तालुक्यातील पिशोरच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आडवी पसरली आहे आणि त्याच रांगेत अंतूरचा किल्ला उभा आहे. अशा मुलखात ज्याची हयात गेली, त्याला 'उत्तुंग' या विशेषणाचा अर्थ कोशात धुंडाळावा लागू नये. तथापि अलीकडे वाढदिवसाच्या प्रत्येक फलकावर 'उत्तुंग व्यक्तिमत्त्व' इतक्या सढळ हाताने वाटले जाते की, या शब्दाची कुळकथा वाचकांपुढे रुजू करणे मला अगत्याचे वाटते.

संस्कृतात 'तुंग' म्हणजे उंच, आणि शिखरही. त्यास 'वर' या अर्थाचा 'उद्' उपसर्ग लागून 'उत्तुंग' सिद्ध होतो. मावळातल्या तुंग किल्ल्याने तर हे विशेषणच नाव म्हणून धारण केले आहे. आपला रोजचा 'उंच' हा 'उच्च'चाच प्राकृतातून आलेला, अनुस्वार ल्यालेला वंशज. आणि 'बुलंद' फार्सीतून आला, तो दख्खनच्या बुरुजांना आणि माणसाच्या आवाजाला सारखाच शोभला.

परंतु 'तुंग' शब्दाचा खरा मान याच मुलखात दिसतो. राष्ट्रकूट राजांनी तो बिरुदांत मिरवला: पहिला कृष्ण 'शुभतुंग', तिसरा गोविंद 'जगत्तुंग', अमोघवर्ष 'नृपतुंग'. यांपैकी कृष्णाच्या कारकिर्दीत, आठव्या शतकात, वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले. सुमारे १०७ फूट उंचीचा कडा माथ्यापासून खाली उतरत कापला गेला, म्हणजे आधी कळस आणि मग पाया, ही म्हण तेथे अक्षरशः खरी ठरली. एक चुकीचा घाव पडला असता तर तो भरून काढावयास दुसरा दगड नव्हता. राष्ट्रकूट वंशातल्याच कर्कराजाच्या इ. स. ८१२ च्या बडोदे ताम्रपटात असे वर्णन आहे की, हे मंदिर घडविणारा शिल्पीच आपल्या कृतीने विस्मित झाला आणि हे आपल्या हातून कसे घडले, असे स्वतःलाच पुसू लागला.

मला या शब्दाची कसोटी त्या विस्मयात दिसते. जे पाहून पाहणाऱ्याची मान वर जाते आणि करणाऱ्याची मान लवते, तेच उत्तुंग. म्हणून कन्नड तालुक्यातील शाळांनी मुलांना अंतूर व वेरूळ दाखवून हे शब्द तेथे उभे राहून शिकवावेत, आणि पुढाऱ्यांनी ते विशेषण आपल्या फलकांवरून उतरवून ठेवावे. कारण शब्दांची पत एकदा गेली की खऱ्या थोरवीचा गौरव करण्यास भाषेच्या खजिन्यात काहीच शिल्लक उरत नाही.