पाहुणा आणि वार्ताहर



सप्टेंबर 2022 ला मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊ साठेंचा पुतळा बसला. उपमुख्यमंत्री विमानानं गेले, फोटो निघाले. दीड दिवस शाळा शिकलेलं वाटेगावचं मातंगाचं पोर मॉस्कोत उभं राहिलं, माझीही छाती भरून आली. पण हार घालणाऱ्यांतल्या किती जणांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ उघडलंय?

मी उघडलं. मुळशीत भाताच्या गिरणीवर काम करतो, तिथंच पोत्यावर बसून वाचलं. एक गोष्ट सलली ती बोलतो. राग आला तर येऊ द्या.

अण्णाभाऊ 1961 ला रशियाला गेले. ज्या माणसानं मुंबईची झोपडपट्टी कुणाची भीडभाड न ठेवता लिहिली, त्यानं रशिया लिहिताना कौतुकाला हात सैल सोडला. उपाशी माणूस भरलं ताट बघून हरखतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण 1956 लाच ख्रुश्चेव्हनं स्टालिनच्या जुलमाचं गाठोडं पक्षापुढं सोडलं होतं. यजमान पाहुण्याला बैठकीत बसवतो, कोठडी दाखवत नाही.

तिकडचाच दुसरा बघा. व्लादिमीर पोझनर. पॅरिसात जन्मला, न्यूयॉर्कात वाढला, मॉस्कोत पत्रकार झाला. अमेरिकेला रशिया समजावून सांगायचा, तोही अस्सल अमेरिकन इंग्रजीत. 1985-86 ला फिल डोनाह्यूबरोबर त्यानं दूरदर्शनवर दोन्ही देशांची साधी माणसं समोरासमोर बसवली. मोठं काम. पण सरकारचा प्रचार केला, हे पुढं त्यालाच कबूल करावं लागलं. दोन काठ जोडले, पण जीभ एका काठाला बांधलेली.

आता आपला काठ बघा. 1921 ला इथं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. सेनापती बापटांचं नाव इतिहासात गेलं, रास्तच आहे. तरी धरण झालं. गावं बुडाली, पाणी भिऱ्याला उतरलं, वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. त्या गावांतल्या महारवाड्यांचा, मांगवाड्यांचा वार्ताहर कोण होता? बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 ला ‘मूकनायक’ काढला होता तो ह्याच दुखण्यावर. आपली बातमी आपणच द्यायची. दुसऱ्याच्या छापखान्यात ती पोरकी होते.

गेल्या जयंतीला एका पुढाऱ्यानं स्मरणिकेसाठी माझ्याकडं लेख मागितला. बुडालेल्या वाड्यांचा परिच्छेद कापला, स्वतःचा फोटो घातला. मी मुकाट बसलो. पाचशे रुपये घेतले होते ना! तेव्हा अण्णाभाऊंना बोललो ते आधी मला लागू आहे.

म्हणून सांगतो. अण्णाभाऊ आपलेच. त्यांना डोक्यावर घ्या आणि त्यांच्याशी भांडासुद्धा. मॉस्को असो, वॉशिंग्टन असो, नाहीतर मंत्रालय, बोलावलं तर जरूर जा. पण ताटावर बसलात तरी लेखणी यजमानाकडं ठेवायला देऊ नका. आधी मोरी बघा, मग बैठक.

जयभीम.